सुखीबाईच्या नावावरची स्लाइड

लॅबमध्ये स्लाइड तपासणाऱ्या दीपा मेश्रामने सुखीबाईचा रिपोर्ट आरोग्य विभागाला कळवला तेव्हा तिला कसलीच शंका नव्हती. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या पेशींत मोठे बदल होते. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट तिकडचीच होती. असा रिपोर्ट यवतमाळच्या लॅबमधून त्याच दिवशी वर जायचा आणि बाईला बोलावून घ्यायचं काम तपासणी कार्यक्रमाचा समन्वयक रजत बघायचा. त्याने ते चोख केलं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून सुखीबाई आली, डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाहिला, आणि काहीही निघालं नाही.

"मॅडम, रिपोर्ट दुरुस्त करून पाठवता का?" रजतने फोनवर विचारलं. "नॉर्मल टाका. म्हणजे केस बंद होते. वरून रोज विचारून राह्यले."

"आधी स्लाइड बघते."

"बघा ना. पण बाई ठणठणीत आहे."

दीपाने स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली. बदललेल्या पेशी होत्या तिथेच होत्या. केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून तिने वरिष्ठांनाही दाखवली. त्यांचंही मत तेच पडलं. मग ती बाकीच्या, ज्यांच्याकडे सहसा कोणी बघत नाही अशा पेशी बघत बसली. त्या लहान होत्या, सुकलेल्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की अशा दिसतात. लेबलवर वय चौतीस होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या नमुन्यातही कधीकधी असं दिसतं, आणि पहिल्या वेळी दीपा तेवढं गृहीत धरून पुढे गेली होती.

तिने तांड्यावरच्या आशा सेविका विमलताईंना फोन लावला.

"जय भीम मॅडम, बोला."

"विमलताई, सुखीबाईचं लेकरू अजून अंगावर पितं का?"

विमलताई हसल्या. "कायचं मॅडम! धाकटा तिसरीत हाय तिचा. आता पेला तर मास्तरच मारन त्याले."

"तपासणीच्या शिबिरात नमुना देताना तिच्या मागेपुढे कोण होतं?"

"रुपीबाई. शेजारीच राह्यते. दोघी कुठंबी जोडीनंच जातेत."

"वय?"

"साठीच्या आसपास. काहून?"

दीपाने कारण सांगितलं नाही. शिबिरात नोंद कशी झाली, तेवढं विचारलं. यादी विमलताईंनीच घरोघर फिरून केली होती. लेबलं आधीच छापून आणलेली होती. टेबलावर रोजंदारीने बसवलेला माणूस नवऱ्याचं नाव विचारायचा, यादीत शोधायचा आणि लेबल हातात द्यायचा. तेच पुढे त्या बाईच्या नमुन्याला लागायचं.

"पण ह्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना मॅडम," विमलताई म्हणाल्या. "रुपीबाई नुसती उभी. मंग सुखीनंच सांगतलं, उकंडा म्हणून. अन् सुखीच्या नवऱ्याचं, देवीलालचं, ते रुपीबाईनं सांगतलं. असंच करतेत त्या. तू माह्यावाल्याचं सांग, मी तुह्यावाल्याचं."

"आणि लेबल कोणाच्या हातात दिलं?"

"जिनं नाव सांगतलं तिच्या," विमलताई म्हणाल्या. मग हळूच, "अगं माय."

रुपीबाईला नॉर्मलचा कागद मिळाला होता. काही नाही, पाच वर्षांनी या.

दीपाने रिपोर्ट नॉर्मल केला नाही. तिने आरोग्य विभागाला लिहिलं की हा नमुना सुखीबाईचा नसावा, रुपीबाईला ताबडतोब बोलवावं, आणि त्या शिबिरातल्या सगळ्याच बायकांचे नमुने पुन्हा घ्यावेत.

रजतचा फोन लगेच आला. "सगळ्यांचे? एका बाईसाठी पूर्ण शिबिर रद्द? मॅडम, आकडे वर गेलेत."

"आकडे कोणाचे आहेत, ते आपल्याला माहीत नाही."

"मग मी वर काय सांगू?"

"हेच सांगा. पत्रावर सही माझी आहे."

"रुपीबाईसाठी गाडी आजच सांगतो," तो शेवटी म्हणाला. बाकीच्यांबद्दल काही बोलला नाही.

गाडी तांड्यावर पोचली, पण रुपीबाई बसेना. विमलताईंनी दीपाला फोन लावून तिच्या हातात दिला.

"माह्या कागदावर तर चांगलं लिवलं हाय," रुपीबाई म्हणाली.

"तो कागद तुमचा नाही, मावशी. सुखीबाईचा आहे."

"अन् माहा?"

"तुमच्या पेशींत बदल दिसलेत असं वाटतं. कॅन्सर नाही. आत्ता उपचार केले तर बहुतेक होणारही नाही."

"पिशवी काढतीन?"

"बहुतेक नाही. तोंडाशी असलेला थोडासा भाग."

रुपीबाईने विचार केला. "सोयाबीन सोंगून झालं की येतो."

"त्याच्या आधी या."

"शेंगा फुटून राह्यल्या, मॅडम. उभं सोयाबीन कोण पाह्यन?"

तेवढ्यात मागून एक तरुण आवाज बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भराभर बोलायला लागला. रुपीबाईने उलट काहीतरी सुनावलं. आवाज थांबला नाही. मग विमलताईंचं हसू ऐकू आलं आणि त्यांनी फोन परत घेतला.

"सुखी हाय मॅडम. म्हणते, तुह्या बिमारीच्या भेवानं मी झोपली नाही, डाक्टरनं तुकडा माहा तोडला. आता मुकाट्यानं बस गाडीत. सोयाबीन मी सोंगतो."

गाडीचं दार लागलं.

रुपीबाईच्या तुकड्यात तेच बदल निघाले, आणि ते खोलवर गेलेले नव्हते. तिच्या उपचाराची तारीख ठरली. शिबिरातल्या बाकीच्या बायकांबद्दल मात्र वरून उत्तर आलं नाही. दीपाने तेच पत्र पुन्हा पाठवलं, या वेळी रुपीबाईचा रिपोर्ट सोबत जोडून.