साखरमहाराजांच्या अंगात काय येतं?

बेकरीच्या मागच्या अंगणात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि तिथे जेवढी साखर होती ती पाहता मुंग्यांवर हा मोठाच अन्याय होता. पावाचे रिकामे क्रेट उलटे घालून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर गादी होती आणि गादीवर साखरमहाराज बसले होते. गोरेपान, गुटगुटीत आणि घोळदार अंगरख्यात मावतील न मावतील असे. डावा हात आशीर्वादासाठी मोकळा. उजवा हात मात्र सदानकदा कमरेच्या मखमली पिशवीत. पिशवीत जपमाळ आहे असं शिष्य सांगत असे.

"मागच्या रविवारी केकचा चांगला पाव भाग संपवला, एकट्याने!" निवृत्त पोस्टमास्तर शेजारच्या बाईंना सांगत होते. "दोन तासांनी सगळ्यांदेखत बोटातून रक्त काढलं. साखर किती निघाली असेल? तुमच्या-माझ्यापेक्षा कमी! मी स्वतः चष्मा लावून आकडा वाचला."

"माझी साखर तुम्हाला कुठे माहीत आहे?" बाई म्हणाल्या.

बाई शाळेत गणित शिकवत. बोलण्यात तिरकस, वागण्यात सरळ. तशा त्या असल्या गर्दीत पाऊल ठेवायच्या नाहीत, पण बेकरी त्यांच्या सख्ख्या दादाची होती. आदल्या दिवशी वहिनीने फोन करून रडतरडत सांगितलं होतं, की दादाने इन्सुलिन सोडलं. दोन आठवडे झाले, महाराजांच्या पायाशी इंजेक्शनची पेनं वाहून आला आहे, आणि आता साखरेचा चहा पितो आहे.

दादा भट्टीपाशी उभा होता. मैद्याने पांढऱ्या झालेल्या हातावर ट्रेचा चटका बसलेला, आणि तो चटका काही केल्या भरत नव्हता. बाईंनी पाहिलं, तेवढ्या वेळात त्याने पाण्याची अख्खी बाटली संपवून दुसरी उघडली.

"दादा, अरे तहान बघ तुझी. डोळे बघ कसे खोल गेलेत."

"भट्टीचा उष्मा आहे, दुसरं काय! तू गणितं सोडव, छकुले. प्रत्येक गोष्ट फळ्यावर सुटत नाही."

पन्नाशीला आलेल्या बाईला छकुली म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. आणि तो असा हातचा जात होता. बाईंना राग तर इतका आला होता, की लाटणं दिसलं असतं तर त्यांनी उचललं असतं.

महाराजांनी घसा खाकरला. अंगण चिडीचूप झालं.

"मधुमेह, मधुमेह म्हणून तुम्ही घाबरता," महाराज म्हणाले. "अरे, शब्द तर उघडून बघा. मधु म्हणजे मध. मेह म्हणजे मेघ. मधाचा ढग! ढगाला कुणी सुई टोचतं का?"

"नाही!" अंगण गरजलं.

'मेह' म्हणजे खरं तर लघवी, हे बाईंना माहीत होतं. पण लोक नुकताच नाश्ता करून आले होते, म्हणून त्या गप्प बसल्या.

"साखर वैरीण नाही. तिच्याशी भांडलात तर ती भांडणार. मी तिला म्हटलं, ये बाई, बस. ती बसली." महाराज गोड हसले. "वैद्यांनी तुम्हाला सुयांचं व्यसन लावलं. टाका ते त्यागपात्रात!"

त्यागपात्र म्हणजे झाकणाची एक टोपली. शिष्य ती फिरवू लागला आणि लोक भक्तिभावाने तीत आपली इन्सुलिनची पेनं टाकू लागले. फेरी संपल्यावर शिष्य टोपली घेऊन वहिनीकडे आला. "मावशी, ही फ्रीजमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात. बर्फाजवळ नको हं."

"टाकून दिलेली वस्तू ना?" बाईंनी विचारलं. "मग कचऱ्यात का नाही टाकत?"

शिष्याने टोपलीचं झाकण दाबलं. "ताई, विषाचं विसर्जन थंड करूनच करावं लागतं. गुरुवचन आहे."

क्रीमच्या डब्यांशेजारी टोपली व्यवस्थित बसली. बाईंना हे काही पचेना. टाकायच्या गोष्टीची एवढी बडदास्त त्यांनी कुठे पाहिली नव्हती.

मग केक आला. दादाने तो दोन्ही हातांवर धरून आणला, आणि गर्दीने 'अहाहा' केलं. महाराजांनी मात्र लगेच खाल्ला नाही. त्यांनी प्रेमाने विचारलं, "मालक, साखर किती घातलीत?"

"चारशे ग्रॅम, महाराज! हात आखडता घेतला नाही."

"मैदा?"

"तेवढाच."

"आणि माझा तुकडा केवढा? पाव भाग ना? वरचं क्रीम गोड आहे?"

"केवढी आस्था!" पोस्टमास्तरांनी हात जोडले. "एवढे मोठे पुरुष, पण कष्टकऱ्याच्या कामाची बारीकसारीक चौकशी करतात."

महाराजांनी डोळे मिटले. ओठ पुटपुटू लागले. मखमली पिशवीतून बारीक टिकटिक ऐकू आली. "जप चाललाय," शिष्य कुजबुजला. बाईंनी महाराजांचा चेहरा निरखून पाहिला. कपाळावर आठी, जिभेचं टोक दातांत. असा चेहरा त्या रोज फळ्यापाशी पाहत होत्या. हा माणूस जप करत नव्हता. गुणाकार करत होता.

महाराजांनी केक खाल्ला, बोटं चाटली आणि प्रवचनाला लागले. ढग, मध, मधमाश्या, आत्मा असं करत ते बरेच लांब गेले. अर्धा-पाऊण तास झाला असेल. मधमाशी परत पोळ्याकडे वळणार, एवढ्यात महाराजांच्या अंगरख्यातून आवाज आला.

चिव-चिव-चिव.

"ऐका!" महाराज म्हणाले. "अंतर्नाद!" अंगणाने हात जोडले. महाराजांनी पिशवीत हात घालून अंतर्नाद बंद केला.

बाई मात्र ताडकन उभ्या राहिल्या. हा नाद त्यांच्या ओळखीचा होता. सातवीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसे. तिच्या कमरेला पट्ट्यात एक छोटी डबी असे, आणि डबीतून बारीक नळी पोटाकडे गेलेली. ही डबी, म्हणजे इन्सुलिनचा पंप, दिवसभर जरूर तेवढं इन्सुलिन आपोआप कातडीखाली सोडत राही. जेवणाआधी मुलगी ताटातल्या अन्नाचा हिशोब करून बटणं दाबी, की डबी जास्तीचं इन्सुलिन देई. साखर फार उतरल्याचं कातडीला चिकटवलेल्या सेन्सरकडून कळलं की डबी चिवचिवे. वर्ग त्या मुलीला लाडाने चिमणी म्हणायचा. चिवचिव झाली की बाई हातातला खडू ठेवून आधी टेबलाच्या खणातली साखरेची पुडी काढत, कारण चिमणीच्या आईने त्यांना बजावून सांगितलं होतं: "आधी साखर, मग भूमिती."

पण हे कसं शक्य होतं? चारशे ग्रॅम साखरेच्या केकचा पाव भाग खाऊन साखर उतरते कशी?

बाईंनी वहिनीला भट्टीच्या आडोशाला ओढलं. "वहिनी, त्या केकमध्ये साखर होती ना?"

वहिनीचा चेहरा पडला. "ताई, कुणाला सांगू नकोस. अगं, महाराज पाव भाग खातात आणि उरलेला हे खातात, प्रसाद म्हणून! माझ्या डोळ्यांदेखत मरू देऊ का यांना? यांनी साखर-मैदा मोजून ठेवला होता, पण कालवलं मी; साखर परत डब्यात ओतली. मैदाही काढला. बदामाची पूड घातली, अंडी घातली, आणि गोडीसाठी मधुमेहवाल्यांच्या त्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या कुटून घातल्या. क्रीमलासुद्धा. यांना पत्ता लागला नाही. बेकरीवाला म्हणे!"

बाईंच्या डोक्यात फ्रीजमधली टोपली, पिशवीतली टिकटिक आणि तो गुणाकार एका ओळीत येऊन उभे राहिले. महाराजांनी न खाल्लेल्या साखरेचं इन्सुलिन घेतलं होतं.

तोवर अंगणात गलका उठला. महाराज घामाने निथळत होते. हात थरथरत होते, मान डुलत होती, नजर भलतीकडेच लागली होती.

"अंगात आलं!" पोस्टमास्तर ओरडले. "महाराजांच्या अंगात आलं!"

झालं. जो तो पुढे घुसला. कुणी पाया पडलं, कुणी पोर पुढे केलं. पोस्टमास्तरांनी संधी साधली. "महाराज, मुलाची बदली कधी होईल?"

"साखर..." महाराज पुटपुटले.

"साखरमहाराज की जय!"

"साखर... द्या..."

"दर्शन द्या म्हणतात! जय! जय!"

बिचारा माणूस जिवाच्या आकांताने साखर मागत होता आणि लोक त्याचंच नाव घेऊन टाळ्या पिटत होते. शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला सगळं कळत होतं, पण एवढ्या लोकांदेखत गुरूला साखर पाजायची कशी?

बाईंनी वर्गातला आवाज काढला. "बाजूला व्हा! एकदम गप्प!"

पन्नास-साठ मोठी माणसं, शाळेतली पोरं बाकावर बसावीत तशी खाली बसली. बाईंनी पेल्यात मूठभर साखर ढवळली आणि महाराजांसमोर उकिडव्या बसल्या. "माझ्याकडे बघा. गिळता येतंय? हं, थोडं थोडं. ठसका लागू देऊ नका." मग शिष्याकडे वळून म्हणाल्या, "पंप कुठे आहे? आधी तो थांबव."

शिष्याने निमूटपणे पिशवीत हात घातला. जपमाळ नव्हतीच. बाहेर आली काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, वर बटणं, आणि डबीतून निघून अंगरख्यात गेलेली नळी.

"छकुले, हे काय करतेस?" दादा धावत आला. "त्यांच्या अंगात आलंय!"

"आलंय ना," बाई म्हणाल्या. "अगदी खरं आहे. इन्सुलिन आलंय. नको तितकं आलंय."

दोन पेले पोटात गेल्यावर बऱ्याच वेळाने महाराजांची मान स्थिर झाली. त्यांनी डोळे किलकिले केले, आणि पहिलं वाक्य बोलले, "केकमध्ये साखर किती होती?"

"चिमूटभरही नाही," वहिनी पुढे होऊन म्हणाली. आता तिला कुणाची भीती उरली नव्हती. "मी चोरून काढली. नवऱ्यासाठी."

महाराजांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू साक्षात्कार त्यांना आत्ता झाला.

पोस्टमास्तर अजून हार मानायला तयार नव्हते. "पण बाई, मी आकडा वाचला होता! चष्मा लावून!"

"आकडा खराच होता. चमत्कार खोटा होता," बाई म्हणाल्या. "केक किती, साखर किती हे विचारायचं, पिशवीत बटणं दाबायची, आणि तेवढं इन्सुलिन कातडीखाली सोडायचं. दोन तासांत साखर ठिकाणावर! ही डबी नीट वापरली, तर कुणालाही हे साधतं. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज डबा खाताना करते. ती डबी पट्ट्याला सगळ्यांना दिसेल अशी लावते, आणि कुणी विचारलं तर समजावून सांगते. तिला कुणी गादीवर बसवत नाही."

"आणि... इन्सुलिन?" दादाने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "महाराजांना ते कुठून..."

उत्तर द्यायची गरज पडली नाही. वहिनी फ्रीजकडे गेली होती. तिने त्यागपात्र आणून क्रेटवर ठेवलं आणि झाकण काढलं. आत सगळ्यांची पेनं, इन्सुलिन टिकायला ठेवतात तशी, गारेगार पडली होती.

"तुम्ही त्याग केलात," बाई म्हणाल्या, "आणि यांनी ग्रहण केलं."

मघाशी टाळ्या पिटणारे लोक आता उसळले. कुणी बाह्या सरसावल्या, कुणी टोपलीकडे झेपावलं. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"कुणी हात लावायचा नाही! त्यालाही आणि टोपलीलाही. कुणाचं पेन कुठलं हे आता कळायचं नाही. सगळ्यांनी डॉक्टरांकडे जायचं आणि नवं घ्यायचं. याचं काय करायचं ते पोलीस बघतील, पण आधी तो आजारी माणूस आहे. आणि ऐका, मधुमेह असणं ही लाज नाही, डबी लावणं तर नाहीच नाही. ती माणसांनी वर्षानुवर्षं डोकं झिजवून केली आहे. हात जोडायचेच असतील तर त्या डोक्यांना जोडा, आणि जोडण्याआधी विचारा, हे कसं होतं? ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्या पिशवीत काहीतरी असतंच."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

दादा मात्र भट्टीपाशी जाऊन पाठमोरा उभा होता. बाई जवळ गेल्या, तेव्हा त्याने वर न बघता हातावरचा चटका पुढे केला. "दोन आठवडे झाले गं याला. भरत नाही."

बाईंनी त्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि हात धरून त्याला बाहेर नेलं.

दवाखान्यात जायला दारात पावाची गाडीच काय ती उभी होती. पुढे चालवणारा आणि शिष्य. मागे, क्रेटच्या मध्ये, एका बाजूला वहिनी आणि बाई, दुसऱ्या बाजूला दादा आणि साखरमहाराज, मांडीला मांडी लावून. गाडी हलली. दादा महाराजांच्या कमरेच्या डबीकडे बघत होता.

"दुखतं का हो ते?" शेवटी त्याने विचारलं. "टोचतं?"

महाराजांनी डबीवर हात ठेवला. "नाही हो. पहिल्यांदा थोडंसं. मग सवय होते."

दादाने मान हलवली. "एवढंच आधी सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर मी तुम्हाला रोज फुकट पाव दिला असता."

वहिनीने पदराने डोळे पुसले. मग पदर तोंडाशी नेऊन ती खुदकन हसली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "आता तुमच्याही अंगात येऊ दे एकदाचं."