ताईची कॅनव्हासची बॅग

बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाईंनी काउंटरवरची बॅग लगेच ओळखली. वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकानं ती पट्टे बदलायला टाकली होती आणि त्याच आठवड्यात ती बिचारी वारली. नवे पट्टे तिनं पाहिलेही नाहीत; बॅग नेली ती तिच्या धाकट्या बहिणीनं. आज ती बहीणच समोर उभी होती.

"एवढे पैसे ओतून ताईनं शेवटी कापडच घेतलं. मी तिला पोतंवाली म्हणून चिडवायचे," बहीण म्हणाली. "ही देऊन अख्खी चामड्याची घेऊ का?"

"कॅनव्हास हलकं, पुसलं की कोरं. चामडं मात्र हात लागेल तसं काळवंडतं," म्हणत बाईंनी पट्टा उजेडात धरला आणि त्या थबकल्या. त्यांनी बसवलेलं फिकट चामडं एकाच जागी गडद तपकिरी झालं होतं. "बरीच वापरलीत की!"

"छे हो! नेली तशी कपाटात कोंबली. किल्ली माझ्याकडेच असते."

उन्हानं चामडं सगळीकडे सारखं रापतं. इथे बोटांचे चार डाग होते. तीन पूर्ण, करंगळीचा अर्धाच. बाईंनी बहिणीच्या हातांकडे पाहिलं. सगळी बोटं धड होती.

"ताईची करंगळी लहानपणी दारात सापडून अर्धी तुटली होती," बहीण हळूच म्हणाली. तिनं त्या डागांवर आपली बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

"पट्टे बदलून देऊ?" बाईंनी पट्टा खाली ठेवत विचारलं.

"नको. कापड काढून टाका. सगळी बॅग याच चामड्याची करा. ताईला धरायला जास्त जागा होईल."