ताईच्या अंगठ्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना, पारदर्शक सॉकेट आहे. माझ्या जन्माने सगळ्यांत जास्त फायदा कुणाचा होणार होता, ते आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, ज्याचा पाय गेला त्या रंगाऱ्याचा. तसं नाही. त्याच्या थोरल्या बहिणीचा.

हिशेब सरळ होता. अपघातात पाय गुडघ्याखालून गेल्यावर रंगारी ताईच्या घरी राहायला आला आणि पुढच्या खोलीतली एकुलती एक खाट त्याने अडवली. दिवसभर उताणा पडून तो वर बघायचा आणि छताच्या रंगाला नावं ठेवायचा. "ताई, हे कुणी मारलंय गं? प्राइमर न देताच रंग फासलाय. त्या कोपऱ्यात बघ, पोपडे धरलेत." छत ताईच्या नवऱ्याने स्वतः हौसेने रंगवलं होतं. तेव्हापासून जेवताना दोघे पुरुष एकमेकांकडे बघेनात, आणि ताई मधे बसून दोघांशी वेगवेगळं बोले. भाऊ चालू लागला की खाट मोकळी, नवरा मोकळा आणि ताईचे कानही मोकळे. मापाच्या दिवशी ती भावाच्या आधी तयार होऊन दारात उभी होती, यात नवल नाही.

सॉकेट म्हणजे काय, तेही सांगतो. कृत्रिम पायाची खालची नळी आणि पाऊल थोड्याफार फरकाने कुणालाही चालतं. पण माणसाचा उरलेला पाय ज्यात जाऊन बसतो, तो वरचा पेल्यासारखा भाग ज्याचा त्यालाच होतो. तो भाग म्हणजे सॉकेट. तो नीट बसला तर माणूस त्याला विसरून जातो. नाही बसला तर त्याला दुसरं काही सुचत नाही. त्यातही मी चाचणीचा. खरा, टिकाऊ सॉकेट बनवण्याआधी माझ्यासारखा एक पारदर्शक काढून घालून बघतात. कातडी कुठे दाबली जाते, कुठे पोकळी राहते, ते आरपार दिसतं. मग मला बाजूला ठेवतात. आमच्यात जेवढ्या चुका सापडतील, तेवढं आमचं काम चांगलं झालं असं मानतात. तुमच्या परीक्षेतही असंच मानलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही का?

पूर्वी माप म्हणजे प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. त्यासाठी मोठ्या शहरातल्या कार्यशाळेत जायचं, तिथेच कुठेतरी पथारी पसरायची, आणि सॉकेट टोचला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. रंगाऱ्याने ते ऐकूनच मान हलवली होती. "पाय येईल आणि धंदा जाईल," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. एका मोठ्या इमारतीच्या रंगकामाचा ठेका लागला होता आणि ठेकेदाराने त्याची जागा धरून ठेवली होती, पण परांची बांधून होईपर्यंतच. पुढे नाही. रंगाऱ्याला रंगाशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची तयारीही नव्हती. ती जागा गेली असती तर हा माणूस त्या खाटेवरून कधी उठलाच नसता, हे ताई ओळखून होती.

पण आता घरापासून हाकेच्या अंतरावरच्या आरोग्यकेंद्रात नर्सबाईंकडे एक टॅब आला होता. तो हातात धरून पायाभोवती सावकाश फिरवला की पायाचं चहूबाजूंनी माप तयार होई आणि क्षणात शहरातल्या कार्यशाळेत जाई. ना पट्ट्या, ना प्रवास.

नर्सबाईंनी रंगाऱ्याला टेबलावर बसवलं. पाय थरथरत होता.

"हलवू नका हो."

"मी कुठे हलवतोय? तोच हलतोय."

"थांब, मी धरते," ताई म्हणाली आणि तिने गुडघ्याच्या वर पाय गच्च धरला. पंजा गुडघ्याच्या वर, अंगठा मात्र बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली उतरलेला. पाय थरथरायचा थांबला. नर्सबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही, ताईची नजर भावाच्या तोंडावरून हलली नाही, आणि अंगठ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

कार्यशाळेत संगणकावर बसणारी एक मुलगी होती. कामाला चोख आणि मनाने मऊ. तिच्या पडद्यावर माप आलं ते राखाडी, मळलेल्या मातीच्या गोळ्यासारखं. त्यात कुठली कातडी कुणाची, ते कळत नाही. गुडघ्याच्या वरचा भाग तिने रीतीप्रमाणे छाटून टाकला. त्यात ताईचा पंजा गेला, अंगठा मात्र राहिला. "अरे बापरे, गाठ दिसतेय," ती स्वतःशीच म्हणाली. "दुखत असणार बिचाऱ्याला." आणि तिने त्या गाठीला ऐसपैस जागा सोडली.

मग यंत्राने थरावर थर चढवत मला घडवलं. किती सुबक काम, मित्रांनो! कडा गुळगुळीत, भिंत सगळीकडे सारखी, आणि एका बाजूला किंचित वाकडा, लांबट फुगवटा. मला वाटलं, हाच माझा दागिना.

खोक्यात बसून मी आरोग्यकेंद्रात पोहोचलो. रंगाऱ्याने मला उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याला पॉलिशचे किती हात दिलेत?" तो माणसांचं कौतुक फारसं करत नसे, त्यामुळे मी फुशारलो.

माझा मान तेवढ्यापुरताच. त्याने मला चढवून वजन टाकलं आणि मी गर्रकन फिरलो. बाकी सगळीकडे मी छान टेकलो होतो, पण फुगवट्यात नुसती हवा. नर्सबाईंनी व्हिडिओवर त्या मुलीला बोलावलं.

मुलगी दचकली. "ती गाठ कुठे गेली?"

"कसली गाठ?"

"बाहेरच्या बाजूला. मापात होती. एवढी मोठी!"

नर्सबाईंनी चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. "डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचा सॉकेट नको," मुलगी म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. पण रंगाऱ्याचा चेहरा पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा पांढरा पडला.

"आत गेली," तो म्हणाला. "बाहेर दिसत होती ती आत गेली. म्हणजे संपलंच."

"अरे शहाण्या, गाठ म्हणजे काय मांजर आहे आतबाहेर करायला?" ताई म्हणाली, पण तिनेही पाय पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

त्याने तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन लावला. "माझी शिडी दुसऱ्याला द्या. माझं काही खरं नाही."

"बरं," ठेकेदार म्हणाला. एवढ्या चटकन म्हणाला की, दुसरा माणूस त्याच्या शेजारीच उभा असावा.

नर्सबाई डॉक्टरांना बोलवायला गेल्या. रंगारी भिंतीकडे तोंड करून बसला. ताईचा एक स्वभाव होता: काही सुचेनासं झालं की ती हाताला लागेल ते पुसायला घ्यायची. मी हाताशी होतो. तिने पदराचं टोक माझ्या आत घातलं, कडेला हात धरला, आणि तिचा अंगठा माझ्या फुगवट्यात असा जाऊन बसला, जसा पाय रोजच्या चपलेत बसतो. तोच किंचित वाकडेपणा. तीच लांबी.

ती थबकली. अंगठा काढला, पुन्हा घातला.

"अरे मेल्या," ती हळूच म्हणाली, "ही गाठ नाही रे. ही मी आहे."

पुढे काय गोंधळ उडाला! डॉक्टरांनी पाय नीट तपासला. गाठबीठ काही नव्हती. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. पडद्यावरची मुलगी आधी हसली, मग शरमली. "मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पण काळजी करू नका. माप माझ्याकडेच आहे. अंगठा तेवढा पुसून टाकते, बाकी सगळं जसंच्या तसं." आणि खरंच, मित्रांनो, तिने ते बसल्याजागी पुसलं. पट्ट्यांच्या काळात याच चुकीपायी रंगाऱ्याला पुन्हा शहर गाठावं लागलं असतं. मला त्या विद्येचं कौतुक वाटतं ते यासाठी. ती चुकत नाही असं नाही, पण तिची चूक सुधारायला गरिबाला घर सोडावं लागत नाही.

पाय मिळणार हे ठरलं. पण जागा गेली होती. रंगाऱ्याने पुन्हा फोन केला तर ठेकेदार म्हणाला, "एकदा दिली ती दिली."

ताईने मला पिशवीत घातलं आणि थेट त्याचं कार्यालय गाठलं.

"हे काय आणलंत? बरणी?"

"भावाचा पाय आहे. आणि ही बघा त्याची गाठ." तिने अंगठा घालून दाखवला. ठेकेदार एवढा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हसलो म्हणून जागा दिली असं समजू नका हं, बाई. नव्या पोराला काय सांगू?"

"त्याला काढू नका. ह्यालाही घ्या."

"दोघांना? आणि नव्या पायाने तुमच्या भावाला उकिडवं बसता येणार आहे का? भिंतींचा खालचा भाग कोण घासणार? पॉलिशपेपर उभ्याने मारता येत नाही."

ताईने मला त्याच्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मी घासेन."

"तुम्हाला मजुरी मिळणार नाही."

"मागितली कुणी?"

ठेकेदाराने मला उलटसुलट करून पाहिलं. "परांची महिनाअखेरीस उभी राहील," तो म्हणाला. "त्या दिवशी तो स्वतः चालत आला पाहिजे. धरून आणलेला नको."

माझा धाकटा भाऊ, म्हणजे चाचणीचा दुसरा सॉकेट, त्याच आठवड्यात आला. त्याला फुगवटा नव्हता, पण बसला असा की रंगाऱ्याने खाली बघणंच सोडलं. मागोमाग खरा, टिकाऊ सॉकेट आला. आरोग्यकेंद्राच्या वऱ्हांड्यात दोन दांड्यांमध्ये रंगारी चालायला शिकला. पडला, चिडला, नर्सबाईंना टोमणे मारले, वऱ्हांड्याच्या रंगालाही नावं ठेवली. मी खिडकीत पडून बघत होतो. खरं सांगतो, मला हेवा वाटला. आणि अभिमानही, कारण माझं चुकलेलं टाळूनच ते पुढचे दोघे नीट घडले होते.

महिनाअखेरीस तो गेला; काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. ठेकेदार घड्याळात बघत असल्याचं सोंग करत उभा होता, असं नर्सबाई सांगतात. पहिले काही आठवडे उभ्याने हात पोहोचेल तेवढीच भिंत त्याच्या वाट्याला आली. शिडी नंतर मिळाली.

मी आता पिवळट पडलोय. नव्या नर्सना माप घ्यायला शिकवतात त्या खोलीत, खिळ्याला टांगलेला असतो. नर्सबाई मला हातात घेऊन प्रत्येकीला माझ्यात अंगठा घालायला लावतात आणि म्हणतात, "यंत्र सगळं बघतं, पण कोण कुणाचं ते यंत्राला कळत नाही. ते तुम्ही बघायचं." मित्रांनो, तुम्हीही उद्या अशी यंत्रं हाताळाल. माप पाठवण्याआधी एकदा मान वर करून समोरच्या माणसाकडे बघा. आणि चाचणीपुरत्या वस्तूला टाकाऊ म्हणू नका. तिने सोसलेलं दुसऱ्याला सोसावं लागत नाही.

आता शेवटचा हिशेब. रंगाऱ्याला शिडी मिळाली. नव्या पोराची नोकरी टिकली. ठेकेदाराला एका ठेक्यात दोन चांगले रंगारी मिळाले. संगणकावरची मुलगी आता कुठलाही उंचवटा दिसला की आधी फोन करून विचारते. नर्सबाईंना शिकवायला मी मिळालो. आणि सगळ्यांत जास्त फायदा जिचा होणार होता, त्या ताईने या सगळ्याची किंमत मोजली. इमारत पुरी होईपर्यंत ती रोज सकाळी गेली आणि भावाच्या भिंती खालून घासून देत राहिली.