साखळीचे दोन वेढे

मालाकी कॉन्सिडाइनने पुन्हा मागे वळून समुद्रकड्यावर फिरायला आणलेली माणसं मोजली. सगळी होती. कोणी बुटाची नाडी बांधत होतं, कोणी वाऱ्याने उडणारी टोपी धरून चालत होतं. पिवळ्या जाकिटातली ती मुलगी, जी मघापासून फोटोसाठी कड्याच्या टोकाकडे सरकत होती, तीही आता शहाण्यासारखी मधल्या वाटेवर होती. तरी त्याचं मन ठिकाणावर येईना. काहीतरी राहिलं होतं. कुठे, काय, ते आठवत नव्हतं. पण घरातून निघताना चुलीवर काही ठेवून आलो की काय असं वाटावं, तसं त्याला बंदरापासून वर चढल्यापासून वाटत होतं.

त्याने चहाचा थर्मास चाचपला. औषधांची पिशवी होती. दोर होता. पलीकडच्या पडक्या मनोऱ्यापाशी बस येणार होती, तिच्या ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवलं होतं. मग काय राहिलं?

"मालाकी, हा कडा किती उंच म्हणालात?" जार्लथने विचारलं. जार्लथ डब्लिनचा वकील. त्याचे बूट इतके नवे होते की पावलागणिक कुरकुरत होते.

"पडलात तर पुरेल एवढा."

"हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता?"

"नाही. बाकीच्यांना आकडा सांगतो."

मंडळी हसली. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या कन्सेप्टाबाई, जार्लथच्या सासूबाई. टिपररीकडच्या, गाईगुरांच्या मुलखातल्या. सत्तरी ओलांडली होती, पण जन्मभर दोन्ही वेळा धारा काढलेल्या बाईचे पाय होते ते. चढावर कुणाला ऐकत नव्हते. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तू पडलास तर आधी ते बूट खाली टाक हो. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

मालाकीही हसला. पण हसता हसता त्याने पुन्हा मागे पाहिलं. माणसांकडे नाही, त्यांच्याही मागे, जिथून ते आले होते तिकडे. शेतकरी पॅकी टॅल्टीची दोन रानं तिथून हिरव्या रुमालांएवढी दिसत होती, मधे रचलेल्या दगडांच्या गडग्याची करडी रेघ.

या दोन रानांवर त्याचं सगळं अवलंबून होतं. बंदरातला मासे डब्यांत भरायचा कारखाना बंद पडला त्या वर्षी त्याने लोकांना कड्यावर फिरवायचा हा उद्योग सुरू केला. पण कड्यावर चढायची वाट पॅकीच्या रानांतून, आणि पॅकीच्या घराचं न् कॉन्सिडाइनांचं मालाकीच्या बापाच्या वेळेपासून बोलणं नव्हतं. खतासाठी समुद्रातलं शेवाळ गाडीने वर आणायच्या वाटेवरून काहीतरी झालं होतं. काय ते आता दोन्ही घरांत कोणाला धड सांगता आलं नसतं, पण न बोलणं तेवढं नीट सांभाळलेलं होतं. पॅकीने मनात आणलं तर उद्या वाट बंद. मग राहतो डांबरी रस्ता, आणि डांबरी रस्त्यावरून चालायला डब्लिनहून कोण येतं?

दोन हिवाळे मालाकी पॅकीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. वाटेचा विषय एकदाही काढला नाही. तसा तो काढायचाच नसतो. पाऊस, गुरांचे बाजार, कोण गेलं, कुणाला गुडघा बदलून मिळाला, एवढंच. चहाला दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तो उठून दारापर्यंत गेला तेव्हा शेगडीकडे बघत पॅकी म्हणाला, "ती वरची वाट. जात जा म्हणावं." आणि मालाकीचा हात कडीवर असताना पुढे म्हणाला, "पण फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं. लावलेलं असेल तर लावलेलं. बाकी मला काही नको."

ही गोष्ट वसंतातली. आता उन्हाळा अर्धा सरला होता.

वाट एका खळग्यात उतरली. तिथे वारा लागत नव्हता, म्हणून मालाकीने सगळ्यांना बसवलं. हॅमची सँडविचं निघाली, लोणी लावलेले मनुकांच्या पावाचे काप निघाले. खाली लाटा गुहेत शिरून तोफेसारख्या वाजत होत्या. तेवढ्यात वारा फिरला, जमिनीकडून यायला लागला, आणि त्याबरोबर एक लांब, चिरका आवाज आला.

"सील का हो?" पिवळ्या जाकिटातल्या मुलीने विचारलं.

"सील असेल," मालाकी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"सील कसलं डोंबलाचं!" कन्सेप्टाबाईंनी पाव खाली ठेवला. "गाय आहे ती. नीट ऐका. पुन्हा येईल."

पुन्हा आला. आता सगळ्यांनी ऐकला.

"ही भुकेची नाही, माजावरची नाही," बाई म्हणाल्या. "ही वासरासाठी ओरडतेय. मघाशी त्या खालच्या रानात हौदापाशी काळी गाय पाणी पीत होती ना, पांढऱ्या तोंडाची? कास बघितली मी तिची. दोन दिवसांची बाळंतीण असेल. मी म्हटलंसुद्धा तिला, बाई गं, लेकरू कुठे ठेवलंस म्हणून."

"सासूबाई गाईंशी बोलतात," जार्लथ सगळ्यांना म्हणाला. "माझ्याशी फारशा नाही."

"गाय मधे बोलत नाही, म्हणून." पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. "वासरू वरच्या रानात लपवलं असणार तिने, त्या नेच्यांत. व्यायल्यावर लपवतातच. ती पाण्यासाठी खाली आली आणि आता तिला परत जाता येत नाही. कुणीतरी मधलं फाटक लावलंय."

मालाकीला एकदम त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आठवला.

वर येताना जार्लथ त्याला विचारत होता, इकडे समुद्राकाठी पडकं घर घ्यायचं तर काय पडेल. मालाकी उत्तर देत होता. मंडळी फाटकातून पुढे गेली, शेवटी तो. फाटक सताड उघडं होतं आणि ते वाऱ्याने मिटू नये म्हणून त्याला एक दगड टेकवलेला होता. तो दगड त्याने बुटाच्या टोकाने बाजूला सारला. फाटक ओढलं, साखळी खिळ्यावरून घेतली, आणि चालू लागला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला कुठलाही माणूस फाटकातून गेला की हात मागे जातोच. लहानपणी त्यासाठी इतके फटके खाल्लेले असतात की हाताला डोक्याची परवानगी लागत नाही. दगड सारताना अंगठ्याला किंचित लागलं होतं. तेवढंच मागे राहिलं होतं, आणि तेच मघापासून टोचत होतं.

त्याने फोन काढला. खळग्यात सिग्नल नव्हता. असता तरी काय, पॅकीकडे फोन नव्हता, आणि पॅकी घरीही नव्हता. शेजारच्या गावात म्हाताऱ्या अ‍ॅग्नस हेहिरला पुरायचं होतं, सगळा परगणा तिकडे गेला होता. मालाकीनेही जायला हवं होतं. या मंडळींनी आधी दिवस ठरवला होता म्हणून तो गेला नव्हता, तेही मनात होतंच.

वरच्या रानाला समुद्राच्या बाजूने गुडघाभर मातीचा बांध तेवढा होता. भुकेलं वासरू आईला शोधत उठलं तर त्या बांधावरून सहज पलीकडे जाईल. आणि गाय? ती गडग्याला धडका देत असेल आता.

तो उभा राहिला. "मंडळी, हवा बिघडतेय. आपण परत फिरतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. आकाश धुतल्यासारखं निळं होतं.

"हवा?" जार्लथ म्हणाला. "अहो, मला ऊन लागतंय!"

"इथली हवा तुम्हाला कळायची नाही."

"मनोऱ्यापाशी बस येणार आहे ना? आणि पबमधलं जेवण सांगितलंय आम्ही."

गाय पुन्हा ओरडली. कन्सेप्टाबाई मालाकीकडे बघत होत्या, आजारी जनावराकडे बघावं तशा. त्या नजरेपुढे त्याला हवेचं निमित्त टिकवता येईना.

"फाटक मी लावलं," तो म्हणाला. "उघडं ठेवलेलं होतं. बोलता बोलता लावलं."

जार्लथ म्हणाला, "मग तुम्ही पळत पुढे जा ना. आम्ही इथेच बसतो. हलणार नाही, शब्द देतो."

मालाकीचे पाय खरोखरच दोन पावलं पुढे गेले. एकटा गेला तर अर्ध्या वेळात पोचला असता. पण पिवळ्या जाकिटाकडे त्याची नजर गेली, त्या नव्या बुटांकडे गेली, खळग्याच्या ओठावरच्या निसरड्या गवताकडे गेली. तो परत आला.

"मी गेलो की तुम्ही थोडा वेळ बसाल. मग कुणीतरी म्हणेल, जरा टोकापाशी जाऊन बघू. नाही. सगळे चला."

"चला," कन्सेप्टाबाईंनी पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. "आणि भराभर."

तो परतीचा रस्ता मालाकीला नंतर कधी नीट आठवला नाही. घाई करायची होती आणि कड्यावर घाई करायची नसते. तो पुढे धावे, थांबे, मागे वळून मोजे, पुन्हा धावे. पॅकीला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडत होतं. गाईचा आवाज वाऱ्याबरोबर वाढत होता, मधेच फाटत होता. आणि मग तो आवाज थांबला.

"थांबला," जार्लथ म्हणाला. "म्हणजे बरं झालं ना?"

कन्सेप्टाबाईंनी पावलं आणखी भराभर उचलली. मालाकीला गाईचं ओरडणं परवडलं असतं. खाली लाटा वाजत होत्या आणि त्या आवाजात दुसरा कुठला आवाज मिसळला होता का, हे आता त्याला सांगता आलं नसतं.

वरच्या रानाच्या पायऱ्या चढून तो गडग्यावर उभा राहिला, तेव्हा त्याला आधी पडलेला मधला गडगा दिसला. फाटकाशेजारी दोन हातांचं खिंडार पडलं होतं, दगड गवतात विखुरले होते. मग नेच्यांत काळी पाठ दिसली. गाय उभी होती, पुढच्या पायावरून रक्त ओघळलेलं, आणि तिच्या पोटाखाली शेपटी हलवत, ढुशा देत वासरू पीत होतं. मातीच्या बांधापासून फार लांब नव्हतं.

त्यांच्या अलीकडे पॅकी टॅल्टी दगड उचलत होता. अंगात प्रेतयात्रेचा काळा सूट, गळ्यात काळा टाय, पायांत गमबूट.

"छान ऊन पडलंय आज," पॅकी मान वर न करता म्हणाला.

"छान आहे," मालाकी म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"राहील असं दोन दिवस."

"राहील म्हणतात."

"गर्दी होती अ‍ॅग्नसला. चर्चबाहेर उभे होते लोक."

"मला यायचं होतं, पॅकी."

"हं." पॅकीने एक दगड बसवला, हलवून पाहिला. मंडळी एकेक करून पायऱ्या उतरत होती. कन्सेप्टाबाई सरळ गाईकडे गेल्या, पण चार पावलांवर थांबल्या, आणि तिथूनच म्हणाल्या, "जखम खोल नाही हो. धुतली तर भरून येईल."

"धुवू," पॅकी म्हणाला. "कुठल्या तुम्ही?"

"टिपररीच्या."

"मग तुम्हाला गाय कळते." हे तो पहिल्यांदा मान वर करून म्हणाला.

मालाकीला आता राहवेना. असं समोरून बोलायचं नसतं, त्याला ठाऊक होतं. आधी अजून दोन-चार मेलेल्या माणसांबद्दल बोलून व्हायला हवं होतं. तरी तो म्हणाला, "फाटक मी लावलं, पॅकी."

"लावलंस."

"मंडळींपैकी कुणी नाही. मीच."

"ते कशाला सांगतोस?" पॅकीने हातातला दगड ठेवला. "डब्लिनवाला फाटक लावतो होय कधी?"

"ऐका!" जार्लथ म्हणाला. "आज पहिल्यांदाच निर्दोष सुटलो."

"आणि साखळीला दोन वेढे होते," पॅकी म्हणाला. "एक वेढा पुरतो. दोन घालायचा तो तुझा बाप. तो तुमचं फाटक लावताना मी घरून बघायचो. वाटायचं, या माणसाचा खिळ्यावरसुद्धा विश्वास नाही." त्याने आणखी एक दगड उचलला. "मग आज बघितलं, तर दोन वेढे."

मालाकीने आपल्या हातांकडे पाहिलं. आपण दोन वेढे घालतो हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

वाट राहिली की गेली, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी तो मंडळींकडे वळला. मंडळींना त्याने डांबरी रस्त्याची वाट दाखवली. तिथून बंदर सरळ खाली होतं, कड्याचा धोका नव्हता. ड्रायव्हरचा फोन लागला, बस बंदरावर येते म्हणाला. "मी नेते यांना," कन्सेप्टाबाई म्हणाल्या. "तुम्ही गडग्याचं बघा." जाता जाता त्यांनी जावयाला बजावलं, "आणि तू फाटकाला हात लावू नकोस."

"मी कधीच लावत नाही, आत्ताच सिद्ध झालंय," जार्लथ म्हणाला.

मालाकीने कोट काढला आणि दगड उचलायला सुरुवात केली. पॅकीने त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मालाकीने बसवलेला पहिला दगड पॅकीने काढला, उलटा केला आणि परत ठेवला. दुसराही तसाच. तिसरा त्याने नुसता हलवून पाहिला. दोघे काम करत होते. मधे गाय एकदा फुरफुरली तेव्हा मालाकी दचकून बांधाकडे बघायला लागला, आणि पॅकीने ते पाहिलं.

शेवटचा दगड बसला तेव्हा सूर्य समुद्राकडे कलला होता. पॅकीने सुटाच्या बाहीने तोंड पुसलं. "शनिवारी कोण आहे?"

मालाकीने हातांची माती झटकली. "आहेत काही. कॉर्कची."

"गाय असेल इथेच. त्यांना गडग्याच्या कडेने ने, नेच्यांत शिरू देऊ नकोस." तो घराकडे वळला. "आणि फाटकातून तू आधी जायचं. सगळ्यांच्या पुढे. फाटकाचं काय ते कॉर्कवाल्यांना बघू दे. तुझे हात खिशात."

"बरं."

"खिशात म्हणजे खिशात."

तो गेला. मालाकी कोट खांद्यावर टाकून खाली निघाला. फाटक सताड उघडं होतं, दगड पुन्हा टेकवलेला. त्याने दोन्ही हात खिशांत घातले आणि तिरका होऊन त्यातून गेला. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबला, वळून पाहिलं. उघडं होतं. पुढे गेला, पुन्हा वळला.

स्वतःच्या घराशी आला तेव्हा हात अजून खिशातच होते. अंगणात त्याची स्वतःची चार कोकरं, आणि बाहेर रस्ता. इथलं फाटक रोज लावलेलंच असायचं. त्याने ते लावलं, साखळीचा एकच वेढा घातला. दारापर्यंत गेला. मग परत आला आणि मावळत्या उजेडात त्या एका वेढ्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला.