पांढऱ्या बिल्ल्याचा रकाना

करडानं झोळीतूनच वहीवर मुतून आपलं मत नोंदवलं, तेव्हा ताणकाट्यावर सोळा किलो दोनशे ग्रॅम होते. मुतल्यावर सोळा किलो. वैष्णवी पेन तसंच अधांतरी धरून उभी राहिली. यातलं खरं वजन कोणतं, याबद्दल प्रयोगाच्या नियमावलीत काहीच म्हटलेलं नव्हतं. तिनं सोळा लिहिलं, वही झटकली आणि लिंबाच्या फांदीला टांगलेल्या काट्याखालून करडू सोडवलं. त्याच्या कानात पिवळा बिल्ला होता.

"पुढचं द्या, मावशी."

भिवराबाईनं दुसरं करडू उचलून झोळीत घातलं. साठी उलटलेली बाई, पण पिठाचा डबा फळीवर ठेवावा इतक्या सहज. याच्या कानात पांढरा बिल्ला. काटा हलला, डगमगला, थांबला. सोळा किलो शंभर.

वैष्णवीनं आकडा लिहिला आणि वरच्या सोळाशी ताडून बघितला.

लिंबागणेशच्या पुढं या वाडीत तिचा प्रयोग नव्वद दिवस चालला होता. अकरा घरं, बावन्न उस्मानाबादी करडं. अर्ध्यांच्या कानात पिवळा बिल्ला, अर्ध्यांच्या पांढरा. कडबा सगळ्यांना सारखा, पाला सारखा, पाणी सारखं. फरक एवढाच की रोज दिवेलागणीला पिवळ्यांना शेवग्याच्या पाल्याच्या गोळ्या मिळायच्या, शंभर ग्रॅम, मापानं, पांढऱ्यांना नाही. नव्वद दिवसांनी पिवळी जड भरली की सिद्ध झालं, शेवग्यानं करडं वाढतात. इतका साधा प्रयोग. वैष्णवीच्या पाटोद्याच्या घरी तो पूर्वी एकदा होऊनही गेला होता. तिच्या भावाला, रामला, रोज दुधाचा पेला आणि तिला चहा. राम पाच फूट दहा, वैष्णवी पाच फूट एक. पण नमुना फार लहान होता, म्हणून तो निष्कर्ष कुणी छापला नाही.

इथं नमुना मोठा होता आणि निष्कर्षच निघत नव्हता. भिवराबाईचं हे दहावं घर. आधीच्या नऊ घरांत पिवळी सोळाच्या आसपास आणि पांढरीही सोळाच्या आसपास. सगळ्या करडांनी मिळून कुठंतरी बैठक घेतल्यासारखं.

पहिला संशय काट्यावर गेला होता. काल संध्याकाळी तिनं गावातल्या किराणा दुकानातून दहा किलोचं वजन मागून आणलं. दुकानदार मल्लिनाथआप्पा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, कानाला पेन. वजन देताना ते म्हणाले होते की हे दरसाली तपासून घेतो, शिक्का बघा. तिनं शिक्का बघितला. काट्यानं बरोबर दहा दाखवले. मग तिनं विटा मोजल्या, स्वतःची बॅग मोजली, पाण्याची कळशी आधी भरून आणि नंतर ओतून मोजली. काटा निर्दोष होता. इतकी वाईट बातमी तिला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

कारण तिची पाठ्यवृत्ती या महिन्याअखेर संपत होती. फरक दिसला तर पुढची दोन वर्षं मंजूर. नाही दिसला तर पाटोदा. तिथं वडिलांनी एका नातेवाइकाच्या कृषी केंद्रात तिच्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती. खुर्ची चांगली होती, गोल फिरायची. उद्या अकरा वाजता तिचे मार्गदर्शक अमरसिंह सर समितीला घेऊन येणार होते.

"मावशी, गोळ्या रोज दिल्या ना?"

"दिल्या की. वही बघ."

वहीत नव्वद दिवसांच्या नव्वद खुणा होत्या, एकीखाली एक, भिवराबाईच्या नातसुनेच्या हातच्या.

"पिवळ्यांना शंभर-शंभर ग्रॅम?"

भिवराबाईनं पदर खोचला. "पन्नास."

"पन्नास?"

"पन्नास पिवळ्याला, पन्नास पांढऱ्याला. चहाच्या कपानं मोजलंय. तूच म्हनली होतीस न्हवं, मापात चूक नको? एक दाना हिकडचा तिकडं न्हाई."

वैष्णवी दगडावर बसली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. असं का केलं, हे तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, दवाखान्यात विचारतात तसं.

"कावून म्हंजी?" भिवराबाईला प्रश्नच कळला नाही. "एका दावनीला बांधायचं अन् एकाला वाढून दुसऱ्याच्या म्होरनं माप न्यायचं? सप्त्याच्या पंगतीत असं कुनी केलं तर लोक वाढप्याला उठून हानत्याल."

मग तिनं सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काहीच नसल्यासारखं. पहिले तीन दिवस बायांनी सांगितल्याप्रमाणे केलं. पांढऱ्यांची तोंडं भिंतीकडं करून बांधली. चौथ्या दिवशी पांढरी मागं वळून बघायला शिकली. मग हापशावर विषय निघाला, तर प्रत्येकीच्या घरी तेच. पांढरी वळून बघतात, आणि बघणाऱ्याच्या तोंडापुढं दुसऱ्याला खाऊ घालायची कुणाच्याच घरची रीत नव्हती. तेव्हापासून वाटणी. पिशवीत आलेलं तेवढंच, फक्त सगळ्यांना सारखं. वहीत हे कुणी लिहिलं नाही, कारण पांढऱ्याचा रकानाच नव्हता. हे खरं होतं. वही वैष्णवीनंच आखली होती.

"सगळ्या घरी असंच?"

"सगळ्या. त्या मल्लिनाथाचं सोडून." भिवराबाईचा ओठ वाकडा झाला. "नियमाचा मानूस. सुपारीचं खांडबी मोजून देतो. तेची पांढरी रोज वरडत्यात, पार माझ्या घरापत्तूर ऐकू येतं. संक्रांतीला तेच्या बायकूला, जगदेवीला, हळदीकुंकवाला बोलवलं न्हाई आमी."

"करडांवरून?"

"मग कशावरनं?"

फोनला रेंज मारुतीच्या पारावरच मिळायची. तिनं अमरसिंह सरांना सगळं सांगितलं. सांगता सांगता तिनं पाराला तीन फेऱ्या घातल्या; समोरच्या म्हाताऱ्याला ती नवस फेडतेय असं वाटलं असावं. मग सरांनी विचारलं, अकरावं घर कुणाचं? तिथं किती करडं? सहा? मग सहा पुरे. समितीला तेवढं दाखवून मुदत वाढवून घेऊ, पुढचं पुढं. फक्त ती सहा सोन्यासारखी सांभाळायची. उद्या ते स्वतः वजन घेतील तोवर प्रयोग चालूच आहे. आणि वही स्वच्छ पाहिजे. एक खाडाखोड नको, एक जास्तीची ओळ नको.

दुपार कलताना ती मल्लिनाथाच्या गोठ्यात पोचली. गोठा दुकानाच्या मागंच. दावणीच्या मधोमध जुन्या साडीचा पडदा लावलेला, हॉटेलातल्या फॅमिली रूमसारखा. अलीकडं तीन पिवळी, पलीकडं तीन पांढरी.

तिनं वजनं घेतली. पिवळी: अठरा चारशे, अठरा शंभर, अठरा सहाशे. पांढरी: तेरा नऊशे, तेरा आठशे, चौदाला पन्नास कमी. पांढरी काही उपाशी नव्हती, कडबा-पाला पोटभर खात होती. अंगानं नीटच होती. पण फरक होता. डोळ्यांना दिसेल इतका, समितीला दिसेल इतका. वैष्णवीला एखाद्या करडाचा मुका घ्यावासा वाटला. कोणत्या गटातल्या करडाचा घ्यायचा, हे ठरेना म्हणून तिनं घेतला नाही.

"बरोबर हाय का, म्याडम?" मल्लिनाथआप्पांनी विचारलं.

"अगदी बरोबर, आप्पा."

"मी शब्द दिलता. दिला म्हंजी दिला." ते पुढं काही बोलणार होते, पण पडद्यापलीकडं बघून थांबले. मग वही आणून दिली.

वही देखणी होती. तारीख, वेळ, माप, सही. कुठं शाईचा डाग नाही. वैष्णवी पानं उलटत गेली आणि उद्या हीच वही पुढं करायची असं ठरवत आली, तोवर शेवटचं पान आलं. तिथं पट्टीनं आखलेला एक वेगळा तक्ता होता. वर लिहिलं होतं: पांढरा गट, चौथी. खाली दर आठवड्याची वजनं. पहिलं अठ्ठावन्न किलो चारशे. शेवटचं त्रेपन्न किलो नऊशे.

"ही कोणती शेळी?"

आप्पांनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा लावलं. "शेळी न्हाई. ही."

जगदेवी दारात चहा घेऊन उभी होती. बशीत एक तिळाचा लाडू, वैष्णवीसाठी. तिची चोळी दंडात सैल झालेली होती, हे वैष्णवीला नव्वद दिवसांत पहिल्यांदा दिसलं.

हळूहळू कळलं ते असं. आप्पांनी शब्द दिलेला, तेव्हा पांढऱ्यांना काही घालायची सोय नव्हती. जगदेवीनं वाद घातला नाही. फक्त पहिल्या संध्याकाळी माप पांढऱ्यांच्या समोरून गेलं आणि ती स्वयंपाकघरात आली, आप्पांना वाढलं, आणि स्वतःचं ताट घेतलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळची भाकरी खायची. संध्याकाळची, नव्वद दिवसांत, एकही नाही.

"मी म्हनलो खा," आप्पा म्हणाले. "रोज म्हनलो. खाईना. मग म्हनलं, निदान लिहून तरी ठेवू. पोत्याच्या काट्यावर घेतलंय, बरोबर हाय वजन."

"तसं काई मनात धरून न्हाई केलं," जगदेवी म्हणाली. "घास जाईना, एवढंच. ती तिथं बगत बसनार अन् मी हितं." तिनं बशी पुढं केली. "संपलं न आता?"

"उद्या. सर वजन घेतील, मग संपलं. दुपारपर्यंत."

जगदेवीनं मान हलवली. उद्या तर उद्या. नव्वदमध्ये एक आणखी, फार काही नाही.

आप्पा वैष्णवीच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते पान काढायचं असेल तर काढा, म्हणाले. दुसऱ्या वहीत सगळं उतरवून देतो, रात्री बसून, एक अक्षर हलणार नाही. वैष्णवीनं पान दोन बोटांत धरलं. शिलाईजवळून नीट फाडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती फाडायला निघाली आणि चहा प्यायली. पुन्हा धरलं आणि लाडू उचलला. उचललेला लाडू परत बशीत ठेवला. उठून गोठ्याच्या तोंडापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दुकानात कुणी साखर मागायला आलं, आप्पा जाऊन साखर देऊन आले, तरी ती जात-येतच होती.

दिवेलागण झाली. घड्याळ बघायची गरज नव्हती. पांढऱ्यांनी आधी सांगितलं. तिघं एकदम, पडद्याआडून. मग पिवळीही ओरडायला लागली, पण त्यांचा सूर निराळा होता, मिळणार हे माहीत असलेल्याचा. आप्पांनी गोळ्यांची पिशवी उघडली, स्टीलच्या मापानं तीन मापं पिवळ्यांच्या घमेल्यांत घातली, वहीत वेळ लिहिली, सही केली. पिशवी बांधायला सुतळी घेतली.

पडद्याच्या कडेनं एक पांढरं तोंड बाहेर आलं होतं. ओरडत नव्हतं. नुसतं बघत होतं, पंगतीत पानावर बसलेल्या माणसासारखं, वाढपी पुढच्या ओळीत गेलाय आणि हाक मारायची लाज वाटतेय.

वैष्णवीनं सुतळी आप्पांच्या हातातून घेतली. साडीचा पडदा एका बाजूनं सोडला. माप भरलं, काठोकाठ झालं तेव्हा बोटानं सपाट केलं, पांढऱ्यांपुढं रिकामं केलं. एक. दोन. तीन. गोठ्यात एकदम शांत झालं, नुसता दातांचा आवाज.

"काकू, ताट घ्या."

जगदेवी जागची हलली नाही. "तुमी उद्या दुपारी म्हनला होता न?"

"आज घ्या."

जगदेवीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा दावणीकडं, आणि आत गेली. आतून तव्याचा आवाज आला.

मल्लिनाथआप्पा वही उघडी धरून उभे होते. त्यांना काही विचारायचं होतं, आणि ते विचारू नये हेही कळत होतं. पण त्यांचा स्वभाव त्यांना सोडेना.

"म्याडम, हे कुटं लिहू? पांढऱ्याला रकाना न्हाई."

न लिहिण्याचा पर्याय होता. तो गोठ्यात थोडा वेळ उभा राहिला, चौथ्या माणसासारखा. आप्पांनी तो सुचवला नाही आणि वैष्णवीनंही नाही.

"आखा," ती म्हणाली.

त्यांनी दुकानातून पट्टी आणली. वही मांडीवर घेऊन सरळ रेघ मारली, पानाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. तारीख घातली. पांढरा गट: तीन मापं, शंभर ग्रॅमची. मग शेवटचं पान उघडलं, आत बघितलं, अंदाज घेतला आणि लिहिलं: चौथी, संध्याकाळची भाकरी, एक.

"दीड," आतून जगदेवी म्हणाली.

आप्पांनी एक खोडलं आणि वर दीड लिहिलं. नव्वद दिवसांतली त्या वहीतली ही पहिली खाडाखोड. खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, असा प्रयोगाचा नियम होता. त्यांनी वही वैष्णवीकडं दिली.

वैष्णवीनं सही केली.