सिंगापूरच्या कोर्टातला पाथरीचा बाँड

मी पाचशेचा बाँड बोलतोय. खरं नाव स्टॅम्प पेपर, पण त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. माझ्या वरच्या भागात छापील रुबाब असतो आणि माणसं त्यालाच घाबरतात. खाली काय लिहिलंय, ते सही झाल्यावर बघतात.

पाथरीला तहसीलसमोरच्या टायपिस्ट भुजंगरावांच्या टेबलावर माझ्या अंगावर अक्षरं आली. परदेशात हळद पाठवणाऱ्या शिवकांतआप्पांना नव्या नोकरदार अर्पिताचा करार करायचा होता. तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, लांब रजा मागायची नाही, मूळ गुणपत्रिका मालकाकडे राहतील.

"जरा वजनदार लिवा," आप्पा म्हणाले.

भुजंगरावांनी मोबाइलवरून एक इंग्रजी परिच्छेद उतरवला. वाद झाल्यास कायदा सिंगापूरचा, कोर्टही सिंगापूरचं. अर्पिता बी.कॉम. होती, तिला वाचता आलं असतं. पण आप्पांसमोर वाचत बसलं तर त्यांच्यावर विश्वास नाही असं दिसेल, म्हणून तिनं सही केली.

दीड वर्षानं, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, तिनं बाळंतपणाची रजा मागितली. आप्पांनी मला कपाटातून काढलं.

"पोरी, माझं काय न्हाई. बाँडच न्हाई म्हणायलाय."

मी तर काहीच बोललो नव्हतो.

रजा घेतली तर नोकरी जाणार आणि गुणपत्रिका अडकणार. अर्पितानं माझी झेरॉक्स घरी नेली, पहिल्यांदा नीट वाचली आणि हादरली.

"म्हंजी तारखेला सिंगापूरला जायचं का काय?" सासूबाई तानुबाईंनी विचारलं. "बाळाला कोण धरंल तिथं?"

"तुमी चला की, आत्याबाई."

"माझ्याजवळ आधार कार्डच हाय बाई."

शेवटी दोघी परभणीला सत्यशीला वकिलांकडे गेल्या. वकीलबाई आधी पोटभर हसल्या.

"काम पाथरीत, मालक पाथरीचा. सिंगापूरच्या जजला काय पडलंय? कामाला माणसं किती?"

"चौदा."

"मग झालं. दहा माणसं असली की पगारी रजा कायद्यानं मिळते. बाँडवर लिहून ती काढून घेता येत नाही. गुणपत्रिकाही तुझ्याच."

नोटीस गेली. आप्पांनी कळवलं, आमच्याकडे नऊच माणसं. पण दुबईच्या गिऱ्हाइकाला त्यांनीच चाळीस लिहून पाठवली होती, आणि ते पत्र अर्पितानंच टाइप केलं होतं. वकीलबाईंनी त्या पत्राची आठवण करून दिली आणि तिची रजा मंजूर झाली. गुणपत्रिका मिळाल्या. माझ्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं गेलं.

आता मी आप्पांच्या टेबलावर पडून असतो. माझ्या पाठीवर ते ट्रकवाल्यांचे नंबर लिहितात. अर्पिताला मुलगी झाली. आप्पा रोज फोन करतात, "पोरी, दोन मिनटांचं काम हाय." पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येतं आणि मागोमाग अर्पिताचं, "करते, आप्पा."

रजेत असं काम सांगता येतं का, हे वकीलबाईंना विचारता येईल. आप्पांना वाईट वाटेल म्हणून ती विचारत नसावी. तिच्या वतीनं तुम्ही तरी विचारा. मी रद्द झालोय.