मास्तर की आणखी कोणी

मास्तरांना जाऊन पाच वर्षं झाली होती. एके दिवशी एक पत्रकार घरी आला आणि म्हणाला, जगभर चालणाऱ्या एका आभासी चलनाचे जनक बहुधा तेच असावेत.

हे चलन कोणी काढलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. टोपणनावानं लिहिलेला नऊ पानी निबंध, इंटरनेटवरच्या एका मंचावर दोन वर्षं लिहिलेली तीनेकशे पत्रं, आणि मग हा माणूस जो गुडूप झाला तो झालाच. मास्तर तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. घरात मोजकं बोलत, मागच्या खोलीत तासन् तास बसत. पत्रकाराला एवढं पुरेसं वाटलं.

मास्तरांच्या बायकोनं नणंदेला बोलावून घेतलं. मास्तरांची ही थोरली बहीण एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाली होती. सगळे तिला ताई म्हणत. निर्मात्याची पत्रं आणि मास्तरांचे कागद ताईंनी शेजारी ठेवून वाचावेत, असं पत्रकारानं सुचवलं. ताई तयार झाल्या. जे निघेल ते सांगणार, एवढी अट घालून.

अकरा दिवस त्या जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसल्या. साम्यं होती. दोघंही पूर्णविरामानंतर दोन जागा सोडत. दोघंही चूक दाखवणाऱ्याचे आधी आभार मानत आणि मग आपलंच घोडं पुढे दामटत. पत्रकार रोज फोन करून खूश होत होता. मास्तरांच्या मुलीला मात्र हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, बाबा वादात तिसऱ्या वाक्याला चिडायचे. हा माणूस तीनशे पत्रांत एकदाही चिडलेला नाही. त्यावर आईनं सुनावलं की, घरात चिडणारी माणसं बाहेर चिडतातच असं नाही. मायलेकींचं यावरून दोन दिवस बिनसलं.

बाराव्या दिवशी ताई एका तारखेपाशी थांबल्या. त्या तारखेला निर्मात्यानं तीन पत्रं लिहिली होती. शेवटचं तर त्याच दुपारी विचारलेल्या प्रश्नाचं तासाभरात दिलेलं उत्तर होतं. आणि त्या दुपारी मास्तरांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन चाललं होतं. त्यांचा चष्मा पर्समध्ये ठेवून ताई स्वतः बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. कपाटातल्या फाइलमध्ये दवाखान्याचा कागदही सापडला.

भावजय पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं मान वर केली नाही.

"ती तारीख मला पहिल्याच दिवशी दिसली होती, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"पाच वर्षांत त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. आता विचारतात, किती वाजता उठायचे, काय वाचायचे, कशाला हसायचे. म्हटलं, विचारू देत थोडे दिवस."

ताईंना तिचा राग आला नाही. भावाचे कागद त्यांनी तरी तो असताना कुठे वाचले होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकाराला फोन केला. पत्रं आधीच लिहून ठेवली असतील, निर्माते दोघं असतील, अशा बऱ्याच वाटा त्यानं शोधून पाहिल्या. ताईंनी ते शेवटचं उत्तर आणि ऑपरेशनची वेळ पुन्हा एकदा वाचून दाखवली. मग तो म्हणाला, एका निवृत्त अभियंत्याचंही नाव ऐकतोय, आता तिकडे बघतो. महिन्याभरानं त्याचा लेख आला. त्यात मास्तरांच्या वाट्याला दीड ओळ होती.

पण दरम्यान मास्तरांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांच्या कानावर ही चर्चा गेली होती. त्यातले दोघं घरी येऊन गेले. निर्माता कोण, यात त्यांना रस नव्हता. मास्तर वर्गात ज्या टिपणांवरून शिकवत, ती कुठे मिळतील, एवढंच त्यांनी विचारलं. मागच्या खोलीत तशा चौदा वह्या निघाल्या.

आता ताई दर बुधवारी येतात. पहिल्या वहीत त्यांनी बत्तीस चुका काढल्या. त्यातल्या नऊ भावजयीनं तशाच ठेवायला लावल्या. ते बोलायचेच तसे, म्हणाली.